चौकातला कुत्रा

स्टुडिओवाल्याने हातात ठेवलेला फोटो बघून धाकट्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोतला भूकंपच नाहीसा झाला होता.

प्रदर्शन उद्यावर आलेलं. दोघे भाऊ जुने फोटो जमवत. थोरले जुन्या शहरांचे, धाकटे पूर, वादळं आणि भूकंपांचे. एकाच घरात वर-खाली राहत असून एकाने दुसऱ्याच्या संग्रहाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. "तू मढी गोळा करतोस," असं थोरले चारचौघांत म्हणत आणि धाकट्यांना ते जन्मभर झोंबत आलं होतं. शेवटी वहिनी मध्ये पडल्या. वाचनालयाच्या सभागृहात एकाच चौकाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे ठरले. थोरल्यांचा भूकंपाआधीचा, धाकट्यांचा नंतरचा. तो उभा चौक म्हणजे थोरल्यांचा जीव की प्राण. तसा फोटो जगात दुसरा नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

धाकट्यांनी आपला फोटो फक्त मोठा करायला दिला होता. पण स्टुडिओवाल्याचा जन्म लग्नाच्या फोटोंत गेलेला.

"काका, केवढी पडझड होती त्यात," तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "मनोरा उभा केला, भिंतींच्या भेगा बुजवल्या, विटांचा ढीग उचलला."

"अरे गाढवा, त्या ढिगासाठीच तर तो फोटो आहे."

"असा पसारा भिंतीवर कोण लावतं? मी नवरीच्या गालावर पुटकुळीसुद्धा ठेवत नाही."

धाकट्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला तसंच सभागृहात नेलं. हा पराक्रम त्याने स्वतःच्या तोंडाने थोरल्यांना सांगावा, एवढीच त्यांची इच्छा होती. थोरले स्टुलावर चढून आपला फोटो टांगत होते, वहिनी खाली स्टूल धरून होत्या. धाकट्यांच्या हातात उभा चौक दिसताच त्यांचा पारा चढला. आपल्या फोटोची नक्कल केल्याचा आरोप त्यांनी वरूनच केला.

"तुझा फोटो मी कशाला घेऊ, दादा? हा माझाच आहे. हा कुत्रा बघ."

खालच्या कोपऱ्यात एक कुत्रा मागचा पाय उचलून कान खाजवत बसला होता. एवढा चौक कोसळला तरी त्याला सोयरसुतक नव्हतं, आणि म्हणूनच तो धाकट्यांचा लाडका होता.

वहिनींनी चष्मा लावला. आधी हा फोटो पाहिला, मग भिंतीवरचा. तिथेही कुत्रा होता. तोच कोपरा, तोच पाय, तोच कान.

"हा भूकंपाच्या आधीपासून खाजवतोय का हो?" त्यांनी विचारलं.

स्टुडिओवाला भिंतीजवळ गेला आणि एकदम हळवा झाला.

"हा तर आमच्या वडिलांचा हात. मूळ फोटो त्यांनीच काढलेला. पडका चौक फारसा कुणी घेईना, म्हणून ब्रशने उभा करून विकायचे."

थोरले स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. या क्षणाची धाकट्यांनी आयुष्यभर वाट पाहिली होती. मढ्यांचा सगळा हिशोब जिभेच्या टोकावर होता, पण तो बाहेर पडेना. त्यांना दादाचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखीच राग आला.

त्यांनी 'भूकंपापूर्वी' असं लिहिलेली पट्टी उचलली, मागे भरपूर डिंक फासला आणि ती थोरल्यांच्या फोटोवर, बरोबर कुत्र्यावर, दाबून बसवली. घरी असलेला मूळ पडका फोटोच आपण आणून लावू आणि त्याच्या कुत्र्यावर 'भूकंपानंतर'ची पट्टी चिकटवू, असंही सांगून टाकलं. थोरल्यांनी मान वर न करता नुसती हलवली.

तरी राग उरलाच. धाकटे स्टुडिओवाल्याकडे वळले.

"एवढा मनोरा बांधला तुझ्या वडिलांनी," ते म्हणाले, "मग एक कुत्रा हाकलायला काय झालं होतं त्यांना?"