थोडी सैल सायकल

मी आजवर तीन सायकली मोडल्या आहेत. (चौथी चोरीला गेली. मी मोडायच्या आत कुणीतरी तिला वाचवलं.) त्यामुळे साहेबांनी भर ऑफिसात, "आम्ही रविवारी सायकलनं टेकडी चढतो, पाण्याच्या टाकीपर्यंत. तुम्हाला जमेल?" असं विचारलं, तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण तो प्रश्न त्यांनी माझ्या पोटाकडे बघून विचारला होता, आणि मागोमाग सगळं खातं तिकडेच बघायला लागलं. मी म्हणालो, "न जमायला काय झालं? मजबूत सायकल मागवलीय, ती आली की लगेच."

सायकल मागवलेली नव्हती. म्हणजे आता मागवणं भाग होतं.

मुलीनं कुठूनतरी एक दुकान शोधून काढलं. गाव दोन दिवसांच्या वाटेवर, पण तिथला म्हातारा कारागीर म्हणे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापानं डोंगरात चालवायची सायकल स्वतः बांधून पाठवतो. जाहिरातीत लिहिलं होतं, 'हत्ती बसला तरी वाकणार नाही.'

"बाबा, यांना तुझ्याबद्दल कुणी सांगितलं?" मुलगी म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. घरात मला त्याची चांगली सवय आहे.

दुकानाचा फॉर्म आला. त्यात सोळा मापं मागितली होती. आता, मी बावीस वर्षं रेकॉर्ड विभागात कारकून आहे. लोकांना पाऊस बघून जसं होतं तसं मला कोरा फॉर्म बघून होतं. शिवाय माप घेणारं माणूस घरातच. बायको घरी कपडे शिवते. टेप तिच्या गळ्यात दिवसभर असते. मी तिच्यापुढे हात पसरून उभा राहिलो. तिनं तोंडातल्या टाचण्या न काढता सगळ्या गिऱ्हाइकांना विचारते तेच विचारलं, "एकदम फिटिंगला ठेवू की थोडं सैल?"

"थोडं सैलच असू दे," मी म्हणालो. "टेकडी चढायचीय."

या संवादात काही चुकतंय असं आम्हा दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

तिच्या वहीतली मापं मी फॉर्मवर उतरवली. पायाची लांबी तिनं बत्तीस इंच लिहिली होती. मी तेहेतीस केली. (हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.) इथं एक घरगुती बाब सांगायला हवी. आमची ही माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. लग्नाच्या फोटोत तिला खुर्चीवर बसवून मला शेजारी उभं करणारा फोटोग्राफर हा मला समजून घेणारा पहिला आणि शेवटचा माणूस. तेव्हा दोन दिवस लांबच्या परक्या माणसाच्या नजरेत तरी एक इंच उंच व्हावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. फॉर्म पाठवला आणि सवयीप्रमाणे त्याची कार्बन कॉपी फायलीला लावली.

आठवड्यानं कारागिराचा फोन आला. "साहेब, उंची पाच फूट चार आणि पाय तेहेतीस इंच? मग धड कुठं ठेवलंय?"

मी म्हणालो, आमच्या घराण्यात सगळ्यांचे पाय लांब.

"बघा हं. नळ्या एकदा जोडल्या की मागाहून आत घेता येत नाहीत. हा कपडा नव्हे."

मी बिनधास्त जोडा म्हणालो.

सायकल एका शनिवारी सकाळी आली. गडद हिरवी, देखणी, आणि अशी भक्कम की मला तिच्यापुढे आदरानं उभं राहावंसं वाटलं. उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं की तिची मधली आडवी नळी सभ्य माणसाच्या बाबतीत जिथवर यावी त्याच्या बरीच वर येत होती. मुलीनं सीट पार तळाला नेली, पण नळी काही हलेना. शेवटी मी इमारतीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून वर चढलो आणि मुलीनं मागून ढकललं.

चालायला सायकल सुरेखच होती. इमारतीला अर्धी फेरी होईपर्यंत मी अतिशय सुखात होतो. मग थांबायचं कसं हा विचार आला. उतरायचं तर तीच तिसरी पायरी गाठायला हवी, आणि तिथं आता माझं कौतुक बघायला शेजारीपाजारी जमले होते.

"अहो, दूध आणायचंय," बायको पहिल्या फेरीला म्हणाली.

"पायरीवरून सगळ्यांना हलव," मी दुसऱ्या फेरीला म्हणालो.

"का?" हे तिसऱ्या फेरीला.

"पाय टेकत नाहीत." हे चौथ्या.

सहाव्या फेरीला, पलीकडच्याच गल्लीत राहणारे आणि दूध घेऊन घरी चाललेले साहेब तिथं उभे दिसले. तळमजल्यावरचे रिटायर्ड मास्तर त्यांना फेऱ्यांचा हिशोब देत होते. अकराव्या फेरीला साहेबांचे शब्द कानावर पडले, "मी यांना ओळखलंच नव्हतं. उद्या टेकडीवर सगळ्यांच्या पुढे हेच." मला आभार मानायचे होते, पण तोवर मी कोपऱ्यावरून वळलो होतो. पोटऱ्या भरून आल्या होत्या. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

चौदाव्या फेरीला बायकोनं शिवणातल्या चिंध्यांचं भलंमोठं गाठोडं वळणावर आणून ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "इथं पडा."

मी पडलो. साहेबांसमोर.

चिंध्यांतून डोकं बाहेर काढून मी पहिला प्रश्न विचारला, "माप कुणी घेतलं होतं?"

तिनं वही आणली. "पाय तीस. त्यात दोन इंच जास्त धरले. कापड पहिल्या धुण्यात आटतं. माझ्या वहीत अंगाचं माप नसतंच, कपड्याचं असतं."

"लोखंड आटतं का?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

एवढ्यात मुलगी माझी फाईल घेऊन आली. "आई, तू बत्तीस लिहिलंयस. इथं तेहेतीस कुणी केले?"

बावीस वर्षं मी लोकांना कार्बन कॉपीचं महत्त्व सांगत आलो आहे. साहेब दुधाच्या पिशवीकडे बघत राहिले.

सायकल बाजूला लावावी म्हणून बायकोनं ती उचलली, सहज पाय पलीकडे टाकला आणि उभी राहिली. दोन्ही पाय जमिनीवर. नळी जिथं असावी तिथं. ती तशीच दूध घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर सगळ्यांच्या पुढे तीच होती. मी खाली पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभा होतो. टाकीजवळून तिनं हात केला, तेव्हा मला फार अभिमान वाटला, आणि तितकंच वाईटही.

परवा कारागिराचा फोन आला. माप बसलं का, मला फार घोर होता, म्हणाला.

"अगदी फिटिंगला," मी म्हणालो.

हल्ली मीही रविवारी जातो. मुलीची पाचवीतली सायकल माळ्यावरून काढली आहे. तिच्यावर बसलो की माझे दोन्ही पाय व्यवस्थित टेकतात. गुडघेसुद्धा.