अप्पांचा मागचा टायर

सेलूच्या बाजारात अंगठ्याचं नख टायरात रुतवून, डोळे मिटून उभा असलेला माणूस दिसला, तर ते आमच्या शाळेचे हेडक्लार्क महालिंगअप्पा आहेत असं खुशाल समजावं. नखानंतर पाळी नाकाची. टायर हुंगून झाला की, "रबर खोटं बोलत न्हाई, सर," असं मला म्हणून ते टायर दुकानदाराला परत करतात. दुकानदार आता त्यांना चहा पाजतात, टायर दाखवत नाहीत.

अप्पांना मोटारसायकलवरून श्रीशैलला जायचंय, मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला. मी या शाळेत आलो तेव्हापासून ते निघायलेतच. गाडी तयार असते, रजा मंजूर असते, घोडं अडतं ते मागच्या टायरपाशी. कडक रबराचा घ्यावा, तर जाऊन-येऊन पुरेल, पण ओल्या रस्त्यावर घसरेल. नरम घ्यावा, तर रस्ता धरून ठेवेल, पण निम्म्या वाटेत झिजेल. खाचा खोल हव्यात म्हणजे पाणी निघून जातं, पण फार खोल असल्या तर चिखल धरून बसतात. हे सगळं मला तोंडपाठ झालंय, आणि मला साधी सायकलसुद्धा नीट येत नाही.

गंमत म्हणजे पुढच्या टायरबद्दल अवाक्षर नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुढं काय, मीच असतो. माणूस मागं बसतंय."

मागं बसणारं माणूस म्हणजे सुमनवैनी, अप्पांच्या मंडळी. श्रीशैलची हौस मुळात त्यांची. पण वैनी गाडीवर बसत नाहीत. लग्न जिंतूरला असो की चुडाव्याला, वैनी एसटीनं जातात आणि अप्पा त्याच एसटीमागं मोटारसायकलवर, धूर खात. बस थांबली की हेही थांबतात आणि वैनी खिडकीतून पाण्याची बाटली देतात. सगळा तालुका हसतो, अप्पांना पत्ता नाही.

कारण साधं आहे. मागं एकदा दोघं चारठाण्याची जुनी देवळं पाहून येत होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर काळा चिखल आणून टाकला होता, त्यात गाडी घसरली. वैनींचं कोपर सोलून निघालं, अप्पांना ओरखडाही नाही. पुढच्या लग्नाला वैनी म्हणाल्या, "मी यष्टीनं जाते, तुमी या मागून." रागावल्या नाहीत की काही नाही. अप्पांनी मात्र तेव्हापासून टायर हुंगायला घेतले. श्रीशैललाही बसनं जाता येतं, असं मी सुचवलं, तर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा पावसाळ्यात अखेर एक टायर नखाला आणि नाकाला पसंत पडला. तो बसवून अप्पा रविवारी सकाळीच माझ्या दारात हजर. आल्या आल्या माझं वजन विचारलं. मी सांगितलं, तसा चेहरा उजळला.

"आमच्या मंडळीचं बी एवढंच हाय. बसा मागं. पण एका अंगानं, सर. ती तशीच बसती."

मी भूगोलाचा शिक्षक आहे. मला मिशा आहेत. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मागची दांडी घट्ट धरून मी भर बाजारातून गेलो. कोपऱ्यावर दहावीचा अख्खा वर्ग उभा होता. एकानं वाकून नमस्कार केला, तो मला जास्त लागला. मग अप्पांनी मुद्दाम चिखलाचा रस्ता धरला आणि दर वळणावर मान पूर्ण मागं वळवून विचारायला लागले, "नीट बसलात का?" एकदा समोर म्हैस होती. मीच ओरडलो, म्हणून म्हैस वाचली.

फिरून अप्पांच्या घरी आलो, तर वैनी दारातच पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पा मागं टायर धुवायला गेले. मला पाणी देताना वैनी हळूच म्हणाल्या, "टायरला मी कधीच नाव ठेवलं न्हाई, सर. त्या दिवशी बी हे असंच मागं वळून मला इचारायले होते, नीट बसलीस का म्हणून. तेवढ्यात चिखल आला."

मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"तुमच्या काळजीनंच मला पाडलं, असं त्यायच्या तोंडावर कसं म्हणावं? त्यायचा राग टायरवर हाय, तर राहू द्या म्हणलं. पण आता माझ्यापायी तुमचं बी हसं व्हायलंय."

इतकी वर्षं ज्या नखाची आणि नाकाची मी स्टाफरूममध्ये नक्कल करत होतो, त्यांची मला माया वाटली.

वैनींनी चपला घातल्या आणि मागं गेल्या. "चला, नाक्यापर्यंत जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. अप्पांच्या हातातलं फडकं गळून पडलं. वैनी एका अंगानं बसल्या, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बजावलं, "रस्त्यानं मला काय बी इचारायचं न्हाई. मी नीट बसले हाय."

अप्पांनी शहाण्या पोरासारखी मान हलवली. गाडी निघाली. मी दारातून बघत होतो. वळण आलं तशी अप्पांची मान मागं वळायला लागली. वैनींनी खांद्यावरचा हात उचलला, अप्पांचं तोंड हळूच समोर फिरवलं आणि हात पुन्हा खांद्यावर ठेवला.