एक दिवस हातात

सलिलच्या घरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं, आणि ते पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे सगळे मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करून निवांत बसायचे, आणि उशीर व्हायचा तो व्हायचाच.

त्या शनिवारी सकाळी सलिल नव्या रेशमी झब्ब्याची बटणं लावत होता. आज अण्णांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, सहस्रचंद्रदर्शन. सलिलच्या ड्युटीपायी ते आधी दोनदा पुढे ढकललेलं. आता एक्क्याऐंशीच्या माणसाला तिसऱ्यांदा ‘जरा थांबा’ म्हणायला तोंड कुठून आणायचं? म्हणून त्याने ऑफिसातल्या करिश्माच्या हातापाया पडून आपला शनिवार तिच्या गळ्यात मारला होता आणि तिचा रविवार आपल्या गळ्यात घेतला होता.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"सलिल, मागच्या संडासाचा फ्लश!" रवींद्र सर ओरडले.

सलिल काही प्लंबर नव्हता. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात बसून तो विमानांच्या लांबणीवर टाकलेल्या दुरुस्त्या सांभाळायचा. विमानातलं काही बारीकसारीक बिघडलं तर नियमाप्रमाणे ठरावीक दिवस ते तसंच ठेवून उडता येतं. मुदत संपली की मात्र विमान जागचं हलत नाही. ती मुदत चुकू न देणं हे सलिलचं काम, आणि या कामापायी बिचाऱ्याच्या डोक्यावरचे निम्मे केस गेले होते.

"मुदत आज संपतेय," साहेब म्हणाले. "विमान गोव्याला, फ्लशची नवी मोटर मुंबईला. तू ये."

"सर, आज अण्णांचं..."

"अरे, तासाभराचं काम आहे रे!"

तासाभराचं! साहेबांचा तास म्हणजे काय असतो, हे सलिलला बारा वर्षांत चांगलं कळलेलं. त्याने पडल्या चेहऱ्याने बायकोकडे पाहिलं. आता आकाशपाताळ एक होणार म्हणून तो खांदे आवळून उभा राहिला.

"जा की," उत्तरा म्हणाली. "हा डबा घे."

कार्याच्या दिवशी डबा? पण इतका विचार करायला सलिलला वेळ कुठे होता! हॉलवरचं सगळं उत्तराच बघत होती. तो तसाच, रेशमी झब्ब्यात, ठाण्याला पोचला.

करिश्मा पर्स खांद्याला लावूनच बसली होती. "आलास ना? मग आपली अदलाबदल कॅन्सल. तुझा शनिवार तुला, माझा रविवार मला. चल, बाय!"

"अगं, आता तो रविवार घेऊन मी काय करू? चाटू?"

पण ती लिफ्टमध्ये शिरलीसुद्धा.

सलिलने फोनाफोनी करून फ्लशची मोटर गोव्याला जाणाऱ्या विमानात चढवली आणि हुश्श केलं. त्याच वेळी आतल्या केबिनमध्ये साहेबांनी डोकं चालवलं: मोटर मुंबईत आहे ना, मग विमानच मुंबईला आणू! त्यांनी कुणाला न विचारता विमान रिकामं उडवायला सांगितलं. मोटर गोव्याला निघाली, विमान मुंबईला निघालं. गोव्यात ताटकळलेले प्रवासी काउंटरवर मुठी आपटत राहिले.

घड्याळात अकरा वाजून गेले. सलिलने बायकोला फोन लावला. "उत्तरा, गुरुजींना म्हणावं, सुरू करा. अण्णांना किती बसवणार?"

"तू घाई करू नकोस. डबा खा आधी."

एवढा शांतपणा! बायको ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी मोटर एकदाची परतीच्या विमानाने निघाली, तेव्हा त्याने मुंबई विमानतळावरच्या सीतारामला फोन लावला. हा बिघाड पहिल्यांदा पकडणारा इंजिनिअर तोच.

"सीताराम, आज रात्रीच्या आत बसव बाबा. मुदत संपतेय."

"आज? अरे, मंगळवारपर्यंत आहे की!"

"काय?"

"बिघाड सापडला तो दिवस धरत नाहीत ना. मंगळवारच येतो. मी करिश्माला सोमवार सांगितलेला. एक दिवस हातात असलेला बरा."

सलिलने करिश्माला फोन लावला. "हो, सोमवार," ती म्हणाली. "पण मी सरांना रविवार कळवला. तुम्ही लोक शेवटच्या दिवशी जागे होता. एक दिवस हातात नको?"

आणि साहेब? साहेबांनी भिंतीवरच्या मुदतींच्या फळ्याकडे बोट दाखवलं. "रविवारी माणसं मिळत नाहीत, म्हणून मी शनिवार लिहिला. अनुभव आहे रे हा."

सलिलने बोटांवर मोजलं: मंगळवार, सोमवार, रविवार, शनिवार. पायलट, प्रवासी, मोटर आणि त्याचे अण्णा, सगळ्यांचा दिवस तीन शहाण्यांनी मिळून हातात ठेवला होता.

संध्याकाळी डोंबिवलीला उतरून घरी जायला रिक्षात बसल्यावर त्याला भडभडून आलं. चुरगळलेल्या झब्ब्याच्या बाहीने त्याने डोळे पुसले. वडिलांना आता तोंड कसं दाखवायचं?

दार उघडलं तर अण्णा बनियनवर बसून शब्दकोडं सोडवत होते.

"अण्णा, चुकलो मी," सलिल दारातच म्हणाला. "कसं झालं सगळं?"

"काय कसं झालं?"

"कार्यक्रम!"

"तो उद्या आहे," अण्णा म्हणाले.

सलिल चपलांसकट खाली बसला. उत्तरा चहा घेऊन आली.

"शनिवारी रजा घेतलीस की तुला बोलावणार, हे ठरलेलं," ती म्हणाली. "आणि तू गेलास की करिश्मा आपला रविवार परत घेणार, म्हणजे तू मोकळा. दिवाळीत नाही का तिने तेच केलेलं? म्हणून सगळ्यांना रविवार सांगितला आणि तुला शनिवार."

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत?"

"फसवलं कुठे?" अण्णांनी कोड्यातून मान वर केली. "दोनदा राहिलं, बाळा. तुझ्याशिवाय मला ते करायचं नव्हतं. म्हणून एक दिवस हातात ठेवला."

सलिलला राग यायला हवा होता. पण त्याला इतकं हायसं वाटलं, की त्याने अख्खा चहा एका दमात संपवला. मग त्याची नजर घड्याळाकडे गेली आणि त्याला शंका आली.

"उद्या किती वाजता आहे?"

"नऊला," उत्तरा म्हणाली.

"खरे नऊ?"

उत्तराने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी घाईघाईने डोकं कोड्यात घातलं.

"तू आपले नऊच धर," ते म्हणाले.