चौसष्ट एकरांची बाल्कनी

फॉर्ममध्ये चौरस फूट हा पर्यायच नव्हता. 'सध्या किती जमीन कसता?' या प्रश्नापुढच्या चौकोनात देवीदास वालावलकरांनी चौसष्ट हा आकडा घातला आणि पुढची यादी उघडली, तर तिथे दोनच शब्द: एकर आणि हेक्टर. रिकामं सोडावं तर पान पुढे सरकेना. देवीदासांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला आणि दोन्हींतलं जे लहान ते निवडलं. कतारच्या हमद पोर्टवर रोज शेकडो कंटेनर कुठे चढवायचे, कुठे उतरवायचे याचा आराखडा करणारा आणि एका अंकाची चूक झाली तरी जेवण न जाणारा हा माणूस. पण त्याने अगदी शांतपणे 'एकर'वर क्लिक केलं.

"हेक्टरपेक्षा चूक कमीच," ते स्वतःशी म्हणाले.

अर्ज होता स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटाचा. बेटावर वस्ती एकतीस माणसांची, शाळेत मुलं चार. तिथे दोन क्रॉफ्ट रिकामे होते. क्रॉफ्ट म्हणजे लहानशी शेतजमीन आणि तिच्यावर एक घर. अट एकच, तिथेच राहायचं आणि जमीन स्वतः कसायची. ही जाहिरात देवीदासांच्या तेरा वर्षांच्या मुलीने, अंतराने, फोनवर दाखवली होती. "बाबा, धिस इज सो आई!" असं ती म्हणाली, आणि देवीदासांच्या डोक्यात ते बसलं ते उठेना.

कारण 'आई' म्हणजे अलका. कुडाळजवळची वडिलांची जमीन भावांनी विकली, तेव्हा अलका केवळ सही करायला एका दिवसासाठी दोह्याहून गेली होती. परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी ती मासळीच्या दुकानातून थर्मोकोलचे सहा रिकामे खोके घेऊन आली आणि दोह्याच्या अल नस्र भागातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तिने मेथी पेरली. ती करपली. पुन्हा पेरली, पुन्हा करपली. तिसऱ्यांदा उगवली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. सोळा बाय चार फुटांच्या त्या बाल्कनीत आज कोथिंबीर होती, मिरच्या होत्या, अळू होतं, आणि कठड्यावरून दोडक्याचा वेल वरच्या मजल्यावर पाहुणा म्हणून गेला होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना.

म्हणून देवीदासांनी अलकाला न सांगता अर्ज भरला. मिळालं तर तिला चकित करायचं, नाही मिळालं तर तिला कळायचंच नाही. बाकीचे रकाने त्यांनी प्रामाणिकपणे भरले. पाण्याची सोय? 'एसी वॉटर.' कारण अलका एसीच्या नळीखाली बादली लावत असे. जमीन आधी कशी होती? 'काहीच नव्हतं.' काम करणारी माणसं? 'एक (पत्नी).'

सहाव्या दिवशी उत्तर आलं. बेटाच्या समितीच्या अध्यक्षबाई, मोराग यांनी स्वतः लिहिलं होतं. वाळवंटात चौसष्ट एकर, तेही एकट्या बाईने, हे वाचून समिती थक्क झाली होती. 'एसी वॉटर' हा कतारमधला मोठा कालवा असावा असा त्यांचा समज झाला होता आणि त्याबद्दल जाणून घ्यायला सगळे उत्सुक होते.

देवीदासांनी ताबडतोब दुरुस्तीची ईमेल लिहिली. पण पंधरा वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला सरळ वाक्य सुचत नाही. त्यांनी लिहिलं: 'कृपया नोंद घ्यावी की एककाच्या निवडीत अनवधानाने चूक झाली आहे. फॉर्ममध्ये दोनच पर्याय उपलब्ध होते. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

दुसऱ्याच दिवशी मोरागबाईंचं उत्तर आलं. 'म्हणजे हेक्टर! आमच्यातल्या एकाला शंका होतीच. आता मुलाखत फक्त समितीच घेणार नाही. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळं बेट जमेल. आपल्या पत्नीने आम्हाला मार्गदर्शन करावं.'

देवीदास फोन घेऊन तसेच फुजैलच्या टेबलाशी गेले. फुजैल रत्नागिरीचा, पोर्टवर त्यांच्याच खात्यात.

"त्यात काय आहे?" फुजैल म्हणाला. "अल खोरकडे माझ्या ओळखीचं शेत आहे. वहिनींना तिथे नेऊन उभं कर, मागे खजुराची झाडं दिसू देत. बोलणं उरकलं की खलास."

"अरे, पण ते खोटं!"

"मग खरं सांग."

"आता चौसष्ट हेक्टरवरून चौसष्ट फुटांवर कसं उतरू मी?"

"काल चढलास तसाच. एका ईमेलने," फुजैल म्हणाला आणि कामाला लागला.

देवीदासांनी रात्रीच्या जेवणापर्यंत चार मसुदे केले आणि चारही पुसले. जेवताना त्यांचा लॅपटॉप उघडाच राहिला होता. अंतरा मीठ घ्यायला उठली आणि वाटेत थबकली.

"बाबा, सिक्स्टी फोर हेक्टर्स ऑफ व्हॉट?"

मग सगळंच बाहेर आलं. देवीदास बोलत होते, अलका भात कालवत ऐकत होती. शेवटी तिने बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चौसष्ट हेक्टर? खंय ठेवलात?"

"अगो, मी दुरुस्ती पाठवली होती..."

"ती ऐकलंय मी आताच. तुमच्या दुरुस्तीन चूक वाढली."

"फुजैल म्हणतो, अल खोरला एक शेत..."

"नाय." अलकाने हात धुतले. "दुसऱ्याच्या शेतात उभी रवान माका जमीन नको. शनिवारी मीच सांगतंय त्यांका. हयसून, बाल्कनीतून."

"हसतील गं ते."

"हसांदेत. पण तुमका एक विचारतंय. तुमका खरंच वाटता, मी थंय काय तरी पिकवीन म्हणान?"

"म्हणून तर अर्ज भरला," देवीदास म्हणाले. रागावायचं अलकाने जे ठरवलं होतं ते तिला तेवढ्यापुरतं तरी जमलं नाही.

शनिवारी दुपारी देवीदास फोन धरून बाल्कनीच्या दारात उभे राहिले. अंतरा दुभाषी म्हणून शेजारी. पडद्यावर शाळेचा हॉल होता, लोकरीचे स्वेटर घातलेली पंचवीसेक माणसं, पुढे जमिनीवर मुलं आणि त्यांच्यात एक कुत्रा. खिडक्यांवर पाऊस आडवा आपटत होता. मोरागबाई म्हणजे सत्तरीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी स्वागत केलं आणि टाळ्या पडल्या.

"नमस्कार," अलका म्हणाली. "आमच्या ह्यांनी चौसष्ट हेक्टर लिहिलंय. ते हेक्टर नाहीत, एकरही नाहीत. चौसष्ट चौरस फूट आहेत. चूक आमची, मी माफी मागते."

अंतराने ते इंग्रजीत सांगितलं. हॉलमध्ये कुणी हललं नाही. कुत्र्याने तेवढी जांभई दिली.

"फिरवा तो फोन," अलका नवऱ्याला म्हणाली.

देवीदासांनी फोन फिरवला. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठून अगदी कॅमेऱ्यापाशी आला. "आणि बाकीचं कुठे आहे?" त्याने विचारलं.

"बाकीचं नाही," अलका म्हणाली. "त्याच्यापुढे रस्ता आहे."

आता बोलणं संपणार, असं देवीदासांना वाटलं. पण म्हातारा हलेना. ते खोके कसले? मासळीचे. पाणी? एसीचं, ही बघा बादली. उन्हाळ्यात? जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं मरतं, उरलेल्याचं बी धरते. आणि वारा? वाराही असेलच ना?

"वारा?" अलका हसली. इथला उत्तरेचा वारा वाळू घेऊन येतो आणि पानं सोलून काढतो, हे तिने सांगितलं. पहिल्या वर्षी तिने जाड प्लास्टिक लावलं होतं, ते वाऱ्याने खिळ्यांसकट नेलं. दुसऱ्या वर्षी फळ्या लावल्या, तर वारा फळ्यांवरून उडी मारून थेट रोपांवर पडला. "वाऱ्याला अडवलं की तो चिडतो. म्हणून दोन जाळ्या लावल्या, मध्ये वीतभर जागा सोडून. पहिलीत तो दमतो, दुसरीतून नुसता चालत येतो." जाळ्या ज्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या त्या पोर्टवरच्या टाकाऊ पट्ट्या, नवऱ्याने आणलेल्या, हेही तिने आवर्जून दाखवलं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "जागा किती सोडलीय ते पुन्हा दाखवा." एका बाईने वही काढली.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. शेजारची जैतून कोथिंबीर न्यायला आली होती. अलकाने बोलता बोलता जुडी कापली, तिच्या हातात दिली आणि ती वाऱ्याच्या विषयावर परत आली. लगेच खालून बिल्डिंग सांभाळणाऱ्या मन्सूरची हाक आली.

"भाभी! पानी गिर रहा है नीचे!"

"कौनसी गाडी पे?"

"लाल वाली पे!"

"वो तो धोने की ही थी! रुको, मिर्ची भेजती हूं।" आणि दोरीला बांधलेली पिशवी तिसऱ्या मजल्यावरून खाली गेली. पुढे बसलेली मुलं उभी राहिली, पिशवी पोचली का ते बघायला.

मोरागबाईंनी विचारलं, "हे तुम्ही विकता का?"

"विकण्याएवढं होत नाही," अलका म्हणाली. "पण या बिल्डिंगमधल्या सात घरांना पुरतं."

कार्यक्रम वीस मिनिटांचा होता. तो दीड तास चालला. शेवटी शेवटी देवीदासांनी उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार दिला होता, पण फोन खाली घेतला नाही. बायकोला नऊ वर्षं रोज बघत असूनही तिने फळ्या कधी लावल्या आणि कधी काढल्या हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. अंतराने तो उभ्यानेच वाचला. बारा एकरांची चांगली जमीन समितीने दुसऱ्या एका कुटुंबाला दिली होती. "ओके, वेट," अंतरा म्हणाली आणि पुढे वाचू लागली. दुसरी जमीन पश्चिमेच्या टोकाची, दोन एकरांची. दगड भरपूर, वारा बारा महिने, गेल्या चाळीस वर्षांत तिथे कुणाचंच काही टिकलेलं नाही. 'ही जमीन दुसऱ्या कुणाला द्यायला आम्ही धजलो नसतो. ती सौ. अलका वालावलकर यांच्या नावे देत आहोत.' व्हिसाची कागदपत्रं व्हायला आठेक महिने लागतील, असंही लिहिलं होतं.

"हे बक्षीस म्हणायचं की शिक्षा?" देवीदासांनी विचारलं.

अलकाने अंतराकडून फोन घेतला आणि स्वतःचं नाव एकेक अक्षर करून पुन्हा वाचलं. मग पदराने फोनची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"देअर इज मोअर," अंतरा म्हणाली आणि हसू दाबत शेवटचा परिच्छेद वाचला. जमिनीसोबत अठरा मेंढ्या होत्या. आणि शेतीचं काम पत्नी एकटी करते असं अर्जात स्पष्ट नमूद असल्यामुळे, मेंढ्या समितीने एकमताने श्री. वालावलकर यांच्याकडे सोपवल्या होत्या.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी देवीदास दोह्याबाहेर शहानियाजवळ जातात. मन्सूरचा चुलतभाऊ तिथे मेंढ्या सांभाळतो. पोर्टवर एका क्लिकने चाळीस टनांचा कंटेनर हलवणारे देवीदास पहिले दोन शुक्रवार एक मेंढी हलवू शकले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी मेंढीने त्यांना हलवलं. चौथ्या शुक्रवारी चष्मा सापडायला अर्धा तास लागला. कुणीही म्हणालं असतं, पुरे. पण देवीदास दर वेळी कपडे झटकतात, "यल्ला, चला" म्हणतात आणि पुन्हा आत शिरतात.

सहाव्या शुक्रवारी त्यांनी एक धरली. धुळीत गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी मिठी मारून. धापा टाकत त्यांनी कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"अगो, फोटो काढलंस?"

"नाय अजून," अलका म्हणाली. "तोंड हयसर करा तिचा. सध्या फकस्त शेपटी दिसता."