भाग क्रमांक सतरा

लारासने यंत्रावरची पुडी खाल्ली तेव्हा दुपारचा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ तिला नेमकी आठवते, कारण एक वाजून एकोणसाठ मिनिटांनी यंत्र बंद पडलं.

ताइनानच्या त्या विद्यापीठात प्रत्येक मोठ्या यंत्रावर, ते नीट चालावं म्हणून, एक पुडी ठेवलेली असते. मक्याच्या कुरकुरीत कांड्यांची, नारळाच्या चवीची आणि हिरवीच. पिवळी ठेवली तर यंत्र कुरबुर करतं, मुदत संपलेली ठेवली तर सूड घेतं. खाल्ली तर काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कोणी खाल्लीच नव्हती. लारास वापरत होती त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीवरच्या पुडीवर यंत्र सांभाळणाऱ्या च्वांगकाकांनी जाड काळ्या पेनने लिहिलं होतं, ‘नीट वाग. सगळ्यांना पदवी मिळू दे.’

लारासला हे सगळं ठाऊक होतं. सालातिगाहून या परक्या देशात शिकायला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. पण ती पडली शास्त्राची विद्यार्थिनी. अकरा ते तीन यंत्र तिच्या नावावर होतं, नमुने सुकायला अजून वीस मिनिटं होती, खानावळीतले डबे सव्वा वाजताच संपले होते आणि सकाळपासून पोटात फक्त पेलाभर सोयादूध होतं. यंत्राला भूक लागत नाही, आपल्याला लागते. उद्या नवी पुडी ठेवू, असा विचार करून तिने ती फोडली. चव बरी होती. थोडी सादळलेली.

शुक्रवारी पाचच्या आत तिला प्रबंध द्यायचा होता. तो दिला नाही तर सत्र गेलं, सत्राबरोबर शिष्यवृत्ती गेली आणि शिष्यवृत्तीबरोबर व्हिसा. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण आपोआप ओळीत बसतात, असं तिचं म्हणणं होतं. खालच्या मजल्यावरच्या जुन्या यंत्रात तसे अंधुक ठिपके दिसलेही होते. त्या ठिपक्यांवर तिने चौऱ्याऐंशी पानं लिहिली होती. आता फक्त स्वच्छ छायाचित्रं घ्यायची बाकी होती.

आतली हवा पूर्ण काढल्याशिवाय हे यंत्र काही दाखवत नाही. लारासने नमुना आत सरकवला, दार लावलं, पंप सुरू केला. हवा निघेना. तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. हवा तशीच. तिने दाबाच्या काट्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या रिकाम्या पुडीकडे पाहिलं. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. मग सायकल काढली.

परीक्षेचा आठवडा होता. पहिल्या दुकानात हिरवी पुडी नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्या दुकानातल्या मावशींनी तर कपाळालाच हात लावला.

“हिरवी? आता कुठली मिळायला, पोरी! शनिवारी दवाखानेवाले घेऊन गेले, काल सकाळी संगणकवाले. लाल आहे. लाल प्रेमाला चांगली.”

“मावशी, मला प्रेम नकोय. निर्वात पोकळी हवीय.”

“ते तर एकच,” मावशी म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

पावणेतीनला लारास परत आली. तिने रिकाम्या पुडीत हवा फुंकली, तोंड पारदर्शक चिकटपट्टीने बंद केलं आणि ती यंत्रावर बसवली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, तर हुबेहूब. आता यंत्र चालू होईल अशी तिला थोडी आशा वाटली, आणि आपल्याला ती वाटली याची फार लाज वाटली.

तीनला पाच कमी असताना पो-हान आला. तिच्यानंतरची वेळ त्याची होती. त्याच्या डॉक्टरेटचं हे पाचवं वर्ष, त्यामुळे तो विद्यार्थी कमी आणि इमारतीचा भाग जास्त होता. आत आल्या आल्या त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. पुडीकडे पाहिलं.

“ही कोणी फिरवली?”

“कुणी? फिरवली?”

“लिहिलेली बाजू दाराकडे असते. आता खिडकीकडे आहे.” मग त्याची नजर काट्यावर गेली. “आणि हवा निघत नाहीये! अगं, काय केलंस काय तू? काका! ओ काका!”

च्वांगकाका सपाता फटफटवत आले. अठ्ठावीस वर्षं हे यंत्र आणि त्याच्या आधीचं यंत्र त्यांनी सांभाळलं होतं. त्यांनीही आधी पुडीच उचलली. भरलेली पुडी उचलायला जेवढा जोर लागतो तेवढा त्यांनी लावला, त्यामुळे हात एकदम वर गेला आणि पुडी त्यांच्या कपाळावर आपटली.

“रिकामी आहे,” काका म्हणाले.



“उंदीर असेल,” पो-हान म्हणाला.

“उंदीर चिकटपट्टी लावत नाही.” काकांनी पुडी टेबलावर हळूच आडवी ठेवली, माणसाला ठेवतात तशी. “यंत्र सोमवारपर्यंत बंद. नवी पुडी ठेवतो, त्याला जरा विसावा देऊ.”

“सोमवार?” लारासचा आवाज चिरकला. “काका, माझा शुक्रवार आहे!”

“ते मला काय सांगतेस? त्याला सांग.” काकांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

लारासने टॉर्च घेतला आणि नमुन्याचं दार उघडलं. दाराभोवती रबराची एक कडी असते. त्या कडीवर, डावीकडे खाली, अर्ध्या मिलिमीटरचा एक पिवळसर कण चिकटला होता. मक्याचा. हवा तिथूनच आत शिरत होती.

म्हणजे कारण सापडलं होतं, तेही शुद्ध शास्त्रीय. पुडी खाल्ल्यामुळेच यंत्र बंद पडलं होतं. ताइनानमधला प्रत्येक माणूस हेच म्हणाला असता, फक्त त्यांना टॉर्च लागला नसता.

कण पुसला की यंत्र दहा मिनिटांत चालू झालं असतं. पण काकांना ते पटवायचं तर कण कुठून आला ते सांगावं लागणार. आणि खोलीच्या दारावर पाटी होती, ‘आत खाद्यपदार्थ आणल्यास सत्रभर प्रवेश बंद.’ गप्प बसावं तर सोमवार, बोलावं तर पुढचं सत्र. मधला मार्ग शोधत ती रबराच्या कडीकडे बघत राहिली.

तेवढ्यात काका वळले. “पो-हान, मागच्या महिन्यात इथे मोमो कोण खात होतं रे?”

“काका, ते दाराच्या बाहेर! आणि एकच!”

“एक मोमो खाणारा पुडीही खाऊ शकतो.”

“पाच वर्षं झाली मला! रोज त्या पुडीला वाकून नमस्कार करतो, तरी पदवी नाही. मी कशाला खाऊ तिला?” पो-हानचे डोळे खरंच भरून आले होते.

“मी खाल्ली,” लारास म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“भूक लागली होती. कण कडीवर पडला. हा बघा. पो-हानला काही करू नका, माझं नाव लिहा.”

 काकांनी कपाटातून एक जाड फाइल काढली, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचू लागले. लारासला सालातिगाचं घर दिसू लागलं, दारात उभी आई दिसू लागली, आणि आईच्या मागे ‘झाली का पदवी?’ विचारायला जमलेली अख्खी गल्ली.

“खाद्यपदार्थ म्हणजे,” काका वाचता वाचता म्हणाले, “बाहेरून आणलेला. पुडी तू बाहेरून आणलीस का?”

“नाही.”

“मग तो खाद्यपदार्थ नव्हे.” त्यांनी पान उलटलं आणि फाइल तिच्यापुढे धरली. यंत्राच्या सुट्या भागांची यादी होती. पंधरा, रबरी कडी. सोळा, नमुन्याची पट्टी. सतरा, हिरवी पुडी, एक नग, दर सहा महिन्यांनी बदलावी. “तू भाग क्रमांक सतराचं नुकसान केलंयस. त्याचा नियम वेगळा. ज्याच्या हातून नुकसान झालं त्याने नवा भाग बसवायचा आणि स्वतःचे नमुने घालून आठ तास यंत्र तपासून द्यायचं. उद्या सकाळी आठला ये.”

“आठ तास?” पो-हान ओरडला. “मला महिन्याला चार मिळतात! काका, नवी ठेवा, मीही खातो!”

“तू खाल्लीस तर मोमोसकट लिहीन.”

“पण काका,” लारास चाचरत म्हणाली, “नवी पुडी गावात कुठेच नाही. तीन दुकानं पालथी घातली.”

“दुकानात कशाला गेलीस? आपल्या भांडारात चोवीस आहेत. फॉर्म भर.”

बुधवारी सकाळी आठ वाजता लारासने नवी पुडी दोन्ही हातांनी यंत्रावर ठेवली, लिहिलेली बाजू दाराकडे. चार मिनिटांत हवा निघाली. पडद्यावर राखेचा कण न् कण, त्यावरची भेग न् भेग इतकी स्वच्छ दिसू लागली की पो-हानसुद्धा बघायला थांबला. चांदी मात्र दिसेना. तिने दुसरा नमुना घातला, मग तिसरा. जुन्या यंत्रातले ठिपके होते त्याच जागी होते. ते मिठाचे होते. चांदी ओळीत बसली नव्हती, विखुरलीही नव्हती. राख धुताना ती पाण्याबरोबर केव्हाच निघून गेली होती.

साडेतीनला तिने तिच्या मार्गदर्शकांना, शिएह सरांना, फोन लावला.

“सर, कण नाहीत.”

“कुठल्या नमुन्यात नाहीत?”

“तिन्हींत.”

“यंत्र बिघडलं असेल. काल काहीतरी झालं होतं म्हणे. च्वांगना विचार.”

तिने मोठ्या आशेने विचारलं, “काका, खरं सांगा, यंत्र नीट चाललंय ना?”

काकांनी काटे पाहिले, पंपावर हात ठेवला, कौतुकाने मान हलवली. “अठ्ठावीस वर्षांत इतकं गुणी कधी वागलं नव्हतं.”

फोनवर सरांनीही ते ऐकलं.  “मग असं कर,” ते म्हणाले, “कण बसत नाहीत, आणि का बसत नाहीत, असा प्रबंध लिही. तोही निकालच असतो. शुक्रवारी पाचला. प्रस्तावना तीच चालेल.”

प्रस्तावना तीन पानांची होती. उरली एक्क्याऐंशी.

चार वाजता काकांनी तपासणीचा फॉर्म पुढे केला. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, ‘यंत्र दाखवते त्यावर विश्वास ठेवता येईल का? तपासणाऱ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे.’

“लिही, लिही,” काका म्हणाले. “त्याशिवाय नियम पूर्ण होत नाही.”

लारासने पेन उचललं. पडद्याकडे एकदा पाहिलं. मग ‘पूर्णपणे’ असं लिहून खाली सही केली.