तावड्यांचा बॉयलर आणि दिवाळीची पहिली आंघोळ

आधी फायद्याचं बोलू. बोरीवलीच्या गिरिछाया सोसायटीच्या गच्चीवर डिझेलवर चालणारा बॉयलर बसवून चंद्रप्रकाश तावड्यांना काय मिळणार होतं? पैसा म्हणाल तर छदामही नाही. गरम पाणी म्हणाल तर जेवढं सगळ्यांना तेवढंच त्यांना. पण बॉयलरच्या पत्र्याच्या खोलीवर एक स्टीलची पाटी लागायची होती: 'श्री. चंद्रप्रकाश तावडे यांच्या अथक परिश्रमांतून साकार'. आणि रोज सकाळी कपडे वाळत घालायला वर येणाऱ्या मृणालिनीबाई प्रधानांना ती पाटी वाचावी लागणार होती! बस्स! एवढ्यासाठी माणूस हिमालय चढेल. तावडे तर फक्त साकीनाक्यापर्यंत गेले.

झालं होतं असं, की गिरिछायाच्या गच्चीवर बिल्डरने पाणी तापवायला सौर तावदानं बसवली होती. मग शेजारी टॉवर उभा राहिला आणि त्याची सावली बरोब्बर त्या तावदानांवर येऊन बसली, सरकारी कचेरीतल्या पाहुण्यासारखी. उठायचं नावच नाही! सोसायटीच्या खजिनदार मृणालिनीबाईंनी साधा उपाय सुचवला. "ज्याने त्याने आपापला गीझर लावा." इतका साधा उपाय तावड्यांना पटणं शक्यच नव्हतं. ते उभं आयुष्य एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याचा बॉयलर शेजारच्या खोलीत. आणि शेजाऱ्याची सगळी अंडीपिल्ली आपल्याला ठाऊक असतात, यावर कुठल्या मराठी माणसाचा विश्वास नसतो?

"बॉयलर म्हणजे काय, माझ्या डाव्या हाताचा मळ!" असं त्यांनी भर सभेत सांगितलं.

साकीनाक्याच्या अंबादासकडे एका बंद पडलेल्या हॉटेलातला छोटा बॉयलर पडून होता. तो वाजतगाजत गच्चीवर चढला, गरम पाण्याच्या जुन्या पाइपांना जोडला गेला आणि पावसाळाभर झकास चालला. अंबादासने मात्र बॉयलर बसवून जाता जाताच एक कागद पुढे केला होता.

"काका, वर्षाच्या सर्व्हिसिंगचा करार करून टाका. डोक्याला ताप नाही."

"करार? अरे, बॉयलर घेतलाय, घरजावई नाही! एकदा दाखव मला. पुढचं मी बघतो."

अंबादासने दाखवलं. तेलाची गाळणी कशी धुवायची, तेल फवारणारं तोंड कसं साफ करायचं, आणि शेवटी अंगठ्याएवढी एक काचेची वस्तू ओढून काढली.

"हा ह्याचा डोळा. आत जाळ पेटलेला दिसला, तर हा तेल चालू ठेवतो. नाही दिसला तर सगळं बंद, लाल दिवा! मग हे लाल बटण दाबायचं. पण एकदाच हां काका. सारखं सारखं दाबलं ना, तर धुराड्यात काजळी धरते."

"कळलं, कळलं," तावडे म्हणाले. न कळलेल्या माणसाला हे दोनदा म्हणायची सवय असते.

खंडेनवमी आली. हत्यारं पूजेला काढायचीच आहेत, तर सर्व्हिसिंगही उरकून टाकू, असा दुहेरी बेत तावड्यांनी केला. त्यांनी गाळणी धुतली, तोंड घासलं, डोळा काढून मऊ फडक्याने असा लखलखीत पुसला की त्यात त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या. मग पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सगळं एका ताटात मांडलं. वनमालाबाई हळदकुंकू, अक्षता घेऊन वर आल्या.

"सगळ्यांना लावू?"

"अगं, विचारतेस काय! एकही सोडू नकोस. काही राहिलं तर मग बिघडलं की मलाच ऐकावं लागतं."

वनमालाबाईंनी एकही सोडलं नाही. नवऱ्याचं ऐकलं, असे जे त्यांच्या संसारात मोजके प्रसंग आहेत, त्यातला हा एक. खाली फोन वाजत होता, म्हणून तावड्यांनी घाईघाईने सगळं जागच्या जागी बसवलं, बॉयलरला झेंडूचं तोरण बांधलं आणि ते जिना उतरले.

पुढे ऑक्टोबर तापला. मुंबईत त्या दिवसांत गार पाण्याचा नळ सोडला तरी चहाची पावडर टाकावीशी वाटते! बॉयलर चालू करायची कुणाला गरजच पडली नाही. पण नरकचतुर्दशी दोन दिवसांवर आली, नॅशनल पार्कच्या बाजूने पहाटेचा गार वारा सुटला, आणि तावडे ऐटीत वर जाऊन बटण दाबते झाले.

पंखा घरघरला. ठिणगी टकटकली. भक्कन जाळ पेटला! आता पाणी तापणार म्हणून तावडे हात चोळतात न चोळतात तोच फुस्स! लाल दिवा. धुराड्याने एक काळाकुट्ट ढेकर दिला आणि बॉयलर गप्प.

तावड्यांनी अंबादासला फोन लावला. तो दिवाळीला जालन्याकडे गावी गेला होता.

"काका, डोळा पुसला का?"

"पुसला म्हणजे? माझ्या ह्या हातांनी पुसलाय!"

"परत एकदा बघता का?"

"अरे, मला काय शिकवतोस? डोळा आरसा आहे आरसा! तुझ्या मालातच खोट आहे, ते सांग ना!"

"मग काका, मी गावाहून आल्यावर बघू," अंबादास म्हणाला आणि नेटवर्क गेलं. तावड्यांच्या मते ते गेलं नव्हतं, घालवलं होतं.

संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा भरली. मृणालिनीबाई चष्मा नाकाच्या टोकावर ओढून म्हणाल्या, "तावडे, मग ह्या वर्षी पहिली आंघोळ गॅसवर पातेली चढवून करायची का? तसं असेल तर आत्ताच सांगा. आणि दिवाळीनंतर तो डबा भंगारात द्यायचा ठराव मी मांडते."

डबा! तावड्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पहिल्या आंघोळीला ह्याच बॉयलरचं कढत पाणी प्रत्येकाच्या नळाला येईल! नाही आलं, तर तुम्ही म्हणता त्या भंगारवाल्याला मी स्वतः बोलावीन, आणि त्या पहाटे गार पाण्याने आंघोळ करीन! लिहून घ्या!"

मृणालिनीबाईंनी खरंच लिहून घेतलं.

वनमालाबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "अहो, तुम्हाला भर एप्रिलात गार पाण्याने शिंका येतात."

"येऊ देत! तत्त्वाचा प्रश्न आहे."

तावड्यांना आता एकच संशय होता: कुणीतरी मुद्दाम चावटपणा करतंय. त्यांनी बॉयलरच्या खोलीवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: 'लाल बटणास कोणीही हात लावू नये'. ही त्यांची घोडचूक. तोवर सोसायटीत अर्ध्या लोकांना लाल बटण आहे हेच माहीत नव्हतं! आता आबालवृद्ध गच्चीवर येऊ लागले. लिफ्टचं बटण दुसऱ्याने दाबलेलं असलं तरी आपण दाबल्याशिवाय लिफ्ट येत नाही, ही ज्यांची श्रद्धा, ते हे बटण सोडतील? प्रत्येक जण इकडे तिकडे बघून, "आपला हात लागला तर होईल बहुतेक," म्हणून एकदाच दाबायचा. घर्रर, टकटक, भक्क, फुस्स! आणि काळा ढेकर.

तिसऱ्या मजल्यावरचा सर्वेश कॉम्प्युटरवाला. तो रंगेहाथ सापडला.

"काका, रागावू नका ना. बंद करून परत चालू केलं की जगातली कुठलीही गोष्ट चालते."

"तुझं डोकं तसं करून बघितलंस कधी?" तावडे कडाडले. रागात त्यांची मालवणी उसळून आली. "खयच्या मेल्यान आणि दाबल्यान ह्यां बटण? सांग माका!"

"प्रधान मावशी आत्ताच खाली गेल्या."

म्हणजे मृणालिनीबाईसुद्धा! पण त्याच बाई अर्ध्या तासात तणतणत वर आल्या. दर वर्षी त्या स्वतःच्या हाताने सोसायटीचा कंदील करत. भला मोठा, पांढऱ्याशुभ्र पतंगी कागदाचा. तो टांगला होता धुराड्याच्या जवळच. आता तो कंदील कोळशाच्या वखारीचा मालक दिसत होता.

"तावडे! हे काय केलंत माझ्या कंदिलाचं?"

"मी केलं? बटण कोणी दाबलं?"

"मी? मी फक्त एकदा दाबलं!"

"प्रत्येकाने फक्त एकदाच दाबलंय, बाई!"

नरकचतुर्दशीची पहाट उजाडायच्या आधीच घराघरांत पाट मांडले गेले, तेल चोपडलं गेलं, उटणं लागलं. सगळ्यांनी नळ सोडले. नळांना पाणी आलं, ते गार. बॉयलरचा शेवटचा प्रयत्न तावड्यांनी नुकताच केला होता. फुस्स!

मग जिन्यावर पावलं वाजू लागली. अंगभर तेल, त्यावर पिवळं उटणं, कमरेला पंचे, खांद्यावर टॉवेल, बायकांच्या अंगावर जुने गाऊन आणि डोक्यावर तेलाने चपचपलेले अंबाडे! अख्खी गिरिछाया गच्चीवर जमली. एखाद्या कारखान्यातून वार्निश लावून वाळायला ठेवल्यासारखी माणसं उभी होती. सर्वेश कुडकुडत म्हणाला, "काका, वाट लागली यार."

"तावडे," मृणालिनीबाई उटण्यातून बोलल्या, "लिहून घेतलंय मी."

तावड्यांचा संताप आता धुराड्यातून बाहेर पडायच्या बेताला आला होता. सगळ्या जगाने कट केला होता! त्या अंबादासने फसवलं होतं! त्यांनी अंबादासला व्हिडिओ कॉल लावला. तो गावच्या घरावरच्या माळवदावर उभा राहून दात घासत होता.

"अंबादास! आता सगळ्यांच्या समोर तुझं बिंग फोडतो! डोळा पुसला का म्हणून विचारत होतास ना? हा बघ! साऱ्या सोसायटीने बघा! ह्यात एक कण दाखव, आत्ता गार पाणी डोक्यावर ओतून घेतो!"

आणि त्यांनी खसकन डोळा ओढून फोनपुढे धरला.

अंबादासने तोंडातला ब्रश काढला.

"काका," तो अदबीने म्हणाला, "डोळ्याला कुंकू कुणी लावलं?"

लखलखीत काचेवर बरोब्बर मधोमध, बोटाने ठसठशीत लावलेला, वाळून घट्ट झालेला टिळा होता. वर हळद. आणि त्या हळदीत रुतून बसलेला तांदळाचा एक दाणा. जाळ पेटत होता, पण बिचाऱ्या बॉयलरला दिसतच नव्हता!

तावड्यांनी सावकाश मान वळवली. वनमालाबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारातच उभ्या होत्या.

"माझ्याकडे काय बघताय? तुम्हीच म्हणालात, एकही सोडू नकोस!"

"अगं, पण डोळ्याला?"

"ताटात होता तो! मला काय माहीत कुठला डोळा आणि कुठला पाना! पक्कडीला लावलं तेव्हा नाही बोललात!"

तावडे मग अंबादासवर ओरडले. "आणि तू? कुंकू पुसा असं स्पष्ट नाही सांगता येत?"

अंबादास हसून हसून माळवदावरून पडायच्या बेतात आला आणि या वेळी नेटवर्क खरंच गेलं.

तावड्यांनी पंच्याच्या टोकाने डोळा पुसला, बसवला आणि मान ताठ करून लाल बटणाशी उभे राहिले. "आता बघा!"

पंखा घरघरला. ठिणगी टकटकली. जाळ पेटला. आणि या वेळी विझला नाही! बॉयलर गरजला, धडधडला. दोन दिवस प्रत्येकाने 'फक्त एकदाच' दाबून धुराड्यात जी काजळी साठवली होती, ती त्या जोराने एका दमात वर उडाली. क्षणभर आभाळात थांबली. आणि मग अलगद, कुणावरही पक्षपात न करता, तेल चोपडून उभ्या असलेल्या गिरिछायावर उतरली.

तेलाला काजळी किती छान धरते, हे घरी काजळ पाडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

"गोविंदा, गोविंदा!" कुणीतरी काळोखात म्हणालं. नरकासुराच्या वधाला एवढे नरकासुर एकाच गच्चीवर कधी जमले नसतील!

पण पाणी तापलं. कढत! सगळे जिन्याने खाली धावले. एकदा उटणं काढायला आंघोळ, एकदा काजळी काढायला आंघोळ, आणि तरी कानामागे राहिली म्हणून आणखी एकदा. तावडे मात्र कप्तान जहाज सोडत नाही तसे बॉयलरपाशी उभे राहिले. पुन्हा कुणी बटण दाबलं तर? सगळ्यांचं आटोपल्यावर, विजयी मुद्रेने, काळेठिक्कर असे ते घरी आले, पाटावर बसले, नळ सोडला.

गार! बर्फ!

वर बॉयलरची डिझेलची टाकी कोरडी ठणठणीत होती. दोन दिवसांच्या भक्क-फुस्समध्ये अर्धं डिझेल आधीच उडालं होतं, आणि उरलेलं सोसायटीच्या कानांमागे गेलं होतं.

पहिली शिंक ऐकून वनमालाबाई ओवाळायला आल्या. कुंकवाचं बोट कपाळाकडे नेताना म्हणाल्या, "डोळे मिटा हं. नाहीतर तुम्हीही बंद पडाल."

तर आता शेवटचा जमाखर्च. डिझेल सोसायटीचं गेलं. साबण ज्याचा त्याचा. कंदील मृणालिनीबाईंचा, पण तो 'यंदाची नवी कल्पना' म्हणून त्यांनी काळाच ठेवला आणि शेजारच्या टॉवरवाल्यांनी त्याचे फोटो काढले. भंगाराचा ठराव बारगळला. वर्षाच्या सर्व्हिसिंगचा करार अंबादासला मिळाला, आणि त्यात त्याने एक वाक्य आपल्या हाताने घातलं: 'पूजेमुळे झालेला बिघाड यात धरलेला नाही.' गार पाणी एकट्या तावड्यांच्या वाट्याला आलं. शिंका भाऊबीजेपर्यंत पुरल्या.

आणि पाटी? लागली ना! स्टीलची, सुबक, नावासकट: 'लाल बटणास हात लावू नये. डोळ्यास कुंकू लावू नये. – चंद्रप्रकाश तावडे'. वाळत घालायला कपडे नसले, तरी मृणालिनीबाई ती वाचायला रोज सकाळी आवर्जून वर जातात.

पाटीचे पैसे तावड्यांनी भरले.