मुनीमजींचा कडक पहारा

नागऱ्याजवळच्या राईस मिलच्या ऑफिसात सकाळपासून तिसऱ्यांदा क्लाउडशी संपर्क तुटला आणि रंजिताचा धीर सुटला. मिलची मेल, तक्ते, फायली सगळं क्लाउडवर होतं. ते चालू आहे की नाही यावर नजर ठेवायला दुसरं सॉफ्टवेअर. चालू असलं की हिरवा ठिपका, नसलं की लाल. तो हिरवा ठेवायला रामलाल सेठनी रंजिताला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. मुदत आज संपत होती. चार वाजता सेठ ठिपका पाहणार आणि तिला पक्कं करायचं की नाही ते ठरवणार.

त्या सॉफ्टवेअरमध्ये क्लाउडचा पासवर्ड टाकावा लागे आणि तो एकट्या मुनीमजींना ठाऊक. ईश्वरदास मुनीमजी यायचे, रंजिताला तोंड फिरवायला लावायचे, दोन बोटांनी तो टाकायचे. ठिपका हिरवा. मुनीमजी जागेवर जाऊन बसले की पाच मिनिटांत लाल.

रंजिताने सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, तिथल्या बाईंनी सगळं बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. रंजिताने घाईत मिलचा मेन स्विचच पाडला. भरडाई थांबली आणि खालून हमालांनी तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

ती परतली तर मुनीमजी मोबाइलवर बोट फिरवत होते.

"काका, काय करून राहिले?"

"पासवर्ड बदलवून राहिलो."

"काऊन?"

"संपर्क तुटला म्हणून मेसेज येते ना मले. म्हणजे कोणी तरी घुसलं. गोदामाचं कुलूप हललं दिसलं का मी कुलूपच बदलवतो. चाळीस वर्षांत एक पोतं गेलं नाही."

"सकाळपासून किती वेळा बदलवला?"

"जेवढे मेसेज आले तेवढ्या वेळा."

रंजिता मटकन खुर्चीत बसली. सकाळी वीज गेली, संपर्क तुटला, मेसेज आला. मुनीमजींनी पासवर्ड बदलला, सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला जुना चालेना, म्हणून संपर्क पुन्हा तुटला, पुन्हा मेसेज. चोर कुठेच नव्हता, पहारा मात्र कडक होता.

तिने हे समजावलं तेव्हा मुनीमजींचा चेहरा पडला. त्यांनी मुकाट्याने पासवर्ड टाकला आणि मोबाइल खिशात ठेवला. चार वाजता सेठ आले तेव्हा ठिपका हिरवागार होता.

"बढिया," सेठ खूश झाले. "अब तो अपने आप चालते. मग बाई, तुझं काय काम उरलं इथं?"

रंजिताचे डोळे भरून आले.

मुनीमजींनी घसा खाकरला, खिशातून मोबाइल काढला आणि टेबलाखाली धरला. जरा वेळाने ठिपका लाल झाला.

"अरे, हे काय झालं?" सेठ दचकले.

"पोरीले काढतो म्हटल्याबरोबर हे हाल," मुनीमजी गंभीरपणे म्हणाले. "काढल्यावर काय होईन, तुमीच पाहा."

सेठनी लाल ठिपक्यावर दोनदा बोट आपटून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, उद्या दहाला ये. आणि परवा पण."